पाच लिटरचं माप

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं घेतली आहेत.)

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करतो. तुमच्यापैकी स्कूटर, मोटारसायकल, गाडी चालवणारे किती? जवळजवळ सगळेच दिसतायत. आता पुढचं सांगा. पेट्रोल पंपावर जाऊन "पाच लिटरचं माप आणा आणि मोजून दाखवा" असं आजवर किती जणांनी म्हटलंय? दोन... नाही, तीन. मागचे एक काका हात अर्धवट वर करून थांबलेत. (हशा) काका, अर्धा धरतो.

प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं, आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे पंचवीस मिलीलिटरची तफावत चालते, त्याहून जास्त नाही. हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. मागत मात्र कुणी नाही, कारण मागे हॉर्न वाजत असतात.

मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी पस्तीस वर्षं लेखापरीक्षणात गेली, बहुतेक पतसंस्था आणि सहकारी सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात. त्यामुळे पंपाच्या पोटात काय चालतं ते मीही विचारूनच घेतलं. आत एक मीटर असतो. पेट्रोल त्यातून जाताना आतले दट्ट्ये हलतात, त्यांच्याबरोबर एक दांडा फिरतो, आणि त्या फिरण्यागणिक पल्सर नावाचा छोटा भाग विजेचे ठोके देतो. इतके ठोके म्हणजे एक लिटर, हे गणित आतल्या सर्किट बोर्डात असतं. बाहेर आपल्याला दिसतात ते फक्त आकडे. आपण "शून्य बघा" म्हटल्यावर शून्य बघतो आणि समाधानानं मान डोलावतो. शून्य बघून काहीच कळत नाही, तरी बघतो.

याची मला लाज वाटत नाही. आपल्या आज्यांना प्रेशर कुकरमधल्या वाफेचं शास्त्र ठाऊक नव्हतं. शिट्टी आणि गॅस्केट त्यांना कळत होतं, तेवढ्यावर भात शिजला. औषधाची गोळी घेताना तिचं रसायन कुणी विचारत नाही. सगळं समजून घेऊनच वापरायचं म्हटलं तर सकाळचा चहासुद्धा होणार नाही. त्यामुळे "लोकांना तंत्रज्ञान कळत नाही आणि तरी ते त्याच्यावर अवलंबून राहतात" अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिच्यात मला फारसा दम वाटत नाही. मला वेगळं विचारायचंय. यंत्र एक सांगतंय आणि तुम्ही दुसरं सांगताय, अशी वेळ आली तर खरं करून दाखवायची जबाबदारी कुणाची?

पंपाच्या बाबतीत याचं उत्तर बऱ्यापैकी ठरलेलं आहे. वैधमापन शास्त्र विभागाचा माणूस येऊन यंत्र तपासतो, सील लावतो, शिक्का मारतो. शिवाय ते पाच लिटरचं माप आहेच, ज्याला पल्सर वगैरे काही कळावं लागत नाही, डोळे पुरतात. एवढं असून फसवणूक होत नाही असं नाही. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग आपल्याकडे ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या. उत्तर प्रदेशात तर त्या रिमोटवर चालणाऱ्या होत्या. म्हणजे तपासणी आली की बटण दाबायचं, पेट्रोल पूर्ण पडणार. माप तिथं हरलंच. पण यंत्र उघडून बघण्याचा अधिकार कुणाला तरी होता, आणि त्यांनी ते उघडलं. एवढं डोक्यात ठेवा, आता मी तुम्हाला इंग्लंडला नेणार आहे. तिथं अशाच एका यंत्राला वर्षानुवर्षं कुणी उघडून बघू दिलं नाही, आणि शेकडो माणसं गुन्हेगार ठरली.

तिकडे गावोगावी पोस्ट असतं ते बऱ्याचदा एखाद्या दुकानात. आपल्याकडच्या किराणा दुकानासारखं दुकान आणि कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. चालवणाऱ्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. तो पोस्टाचा पगारी नोकर नसतो, कंत्राटावर असतो. यात भारतातून गेलेली कुटुंबंही खूप होती. तिकिटं, पेन्शन, बिलं, सगळा रोख व्यवहार. आणि करारात कलम असं होतं की त्याच्या चुकीनं किंवा हलगर्जीपणानं तूट आली तर ती त्यानं भरून द्यायची. प्रत्यक्षात पोस्टानं त्याचा अर्थ "तूट आली की भर" असाच लावला.

पूर्वी हा हिशेब आठवड्याच्या आठवड्याला कागदावर व्हायचा. मेळ बसला नाही तर रात्री जेवण झाल्यावर सगळ्या पावत्या टेबलावर मांडायच्या आणि शोधत बसायचं. माझ्यासारख्या माणसाला हे दृश्य चांगलं ओळखीचं आहे. चूक सापडली की जो आनंद होतो तो सांगून कळत नाही. १९९९ पासून तिथं संगणक आला. होरायझन हे त्या प्रणालीचं नाव, बनवणारी कंपनी फुजित्सूच्या मालकीची. आता मेळ यंत्र घालणार. आणि काही ठिकाणी तो बसेना.

काय होत होतं याचा एक नमुना सांगतो. हा बग स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावाच्या नावानं ओळखला जातो. २०१५ मधली गोष्ट. एका शाखेतून दुसऱ्या छोट्या केंद्रात आठ हजार पौंड रोख न्यायची होती. पिशवीवरचा बारकोड वाचला, पडद्यावर खिडकी उघडली, एंटरचं बटण दाबलं. खिडकी जाईना. आपण काय करतो अशा वेळी? पुन्हा दाबतो. त्यांनीही दाबलं. यंत्रानं तेच आठ हजार चार वेळा जमा धरले. पिशवीत आठ हजार, हिशेबात बत्तीस हजार, आणि चोवीस हजार पौंडांची तूट. त्या बाईंनी एक पेनीसुद्धा इकडची तिकडे केलेली नव्हती.

हा बग निदान कळण्यासारखा आहे, कारण बटण दाबताना माणूस समोर होता. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांचं आणखी अवघड होतं. दोन हजार पौंडांची तूट दिसली म्हणून त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून सांगितलं तशी बटणं दाबली, आणि डोळ्यांदेखत दोन हजारांचे चार हजार झाले. पैसे भरा, म्हणाले. त्यांनी भरले. घर गहाण पडलं. शेवटी छत्तीस हजारांच्या चोरीचा आरोप आला. तुरुंग टाळायचा म्हणून खोटा हिशेब लिहिल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना पैसे भरायला मदत केली.

मदतकेंद्राकडून अनेकांना एक वाक्य ऐकायला मिळायचं: असा त्रास होणारे तुम्ही एकटेच आहात. लेखापरीक्षक म्हणून सांगतो, माणसाला आतून मोडायला याहून मोठ्या धमकीची गरज नसते. एकटाच म्हटल्यावर तो स्वतःवर संशय घेतो, बायकोवर घेतो, काउंटरवरच्या पोरीवर घेतो. यंत्रावर घेत नाही.

सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा. चौऱ्याहत्तर हजार पौंडांच्या चोरीचा आरोप. त्यांनी गुन्हा नाकारला. यंत्रात दोष आहे, त्याची माहिती द्या, अशी मागणी त्यांच्या वकिलांनी पुन्हा पुन्हा केली. मागितलेलं सगळं मिळालं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या, आणि थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस त्याच दिवशी होता.

आता तुम्ही म्हणाल, न्यायालयं काय करत होती? यासाठी कायद्यात थोडं शिरावं लागेल. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यात कलम ६९ होतं. संगणकातला कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून आणायचा तर आणणाऱ्यानं संगणक नीट चालत होता हे दाखवायचं. हे फार जाचक आहे, प्रत्येक किरकोळ खटल्यात अडचण होते, अशी ओरड झाली. विधी आयोगानं शिफारस केली आणि १९९९ च्या कायद्यानं ते कलम काढून टाकलं. मग जुनं गृहीतक लागू झालं: उलट पुरावा येत नाही तोवर यंत्र नीट चालत होतं असं मानायचं. ज्या सालात ही तरतूद रद्द करायचं ठरलं, त्याच सालात होरायझन काउंटरवर यायला लागलं. निव्वळ योगायोग, पण महागात पडला.

गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. उलट पुरावा आणायचा कुणी? दुकानदारानं. तो कुठे आहे? पोस्टाच्या आणि कंपनीच्या संगणकात. तिथं जाता येतं का? नाही. त्यातून पोस्ट ऑफिस स्वतःच फिर्यादी. तूट त्यांच्या यंत्रानं दाखवायची, चौकशी त्यांच्या माणसांनी करायची, खटलाही त्यांनीच भरायचा. एखाद्या सोसायटीत चेअरमन, सेक्रेटरी आणि ऑडिटर एकाच घरातले असले तर आपण काय म्हणतो ते इथं सभेत सांगत नाही. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवर नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली, त्यातले सुमारे सातशे खटले खुद्द पोस्टानं भरलेले. २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागात किमान तेरा जणांनी या प्रकरणापायी जीव दिला असण्याची शक्यता नोंदवली आहे.

आणि शाखेच्या हिशेबात तुमच्याशिवाय कुणाला हात घालता येत नाही, असं सांगितलं जात होतं. तेही खरं नव्हतं. कंपनीच्या माणसांना दुरून नोंदी घालता येत होत्या.

यातून वाट काढली ती वेल्समधल्या लँडुड्नोजवळच्या एका दुकानदारानं, अ‍ॅलन बेट्स यांनी. त्यांनी तूट मान्य करायलाच नकार दिला. नोंदी दाखवा, मग बोलू. २००३ मध्ये त्यांचं कंत्राट गेलं. २००९ मध्ये त्यांनी बाकीच्यांना गोळा केलं. "तुम्ही एकटेच" असे शेकडो निघाले. ५५५ जणांनी मिळून दावा केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की होरायझनमध्ये बग होते आणि त्यामुळे शाखांचे हिशेब चुकू शकत होते, चुकलेही. भरपाई ठरली ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड, त्यातला बराच मोठा वाटा दाव्याच्या खर्चातच गेला. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, त्यात हॅमिल्टन होत्या, मिश्रा होत्या. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका आली, देश हलला, आणि मे महिन्यात संसदेनं कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसल्या. वीस वर्षांत न्यायालयांना जे जमलं नाही ते चार भागांच्या मालिकेनंतर पाच महिन्यांत झालं. याचा आनंद मानावा की काळजी करावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की बेट्स यांना होरायझनच्या आत काय आहे ते कळत नव्हतं. त्यांना स्वतःचा रोजमेळ कळत होता. मी काय घेतलं, काय दिलं, किती उरलं. तेवढ्यावर ते अडून बसले.

आपल्याकडे काय? कायद्यापुरतं सांगतो. भारतीय पुरावा कायद्यात २००० साली कलम ६५-ब आलं. गंमत म्हणजे ते इंग्लंडच्याच १९६८ च्या एका तरतुदीवरून घेतलेलं, जी इंग्लंडनं १९९५ मध्ये रद्द करून टाकली होती. त्यांनी सोडलं ते आपण धरलं, आणि या बाबतीत मला तरी ते बरं वाटतं. संगणकातला पुरावा आणायचा तर प्रमाणपत्र लागतं: यंत्र कोणतं, कुणाच्या ताब्यात, नीट चालत होतं का. यावर सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल २०२० चा, आणि तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून आलेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावर ठरणार होतं, आणि प्रमाणपत्र मागूनही मिळत नव्हतं. न्यायालय म्हणालं, प्रमाणपत्र हवंच. पण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो देत नसेल, तर ते मागवून घेण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येईल. म्हणजे यंत्र माझ्या हातात नाही हे न्यायालयानं ओळखलं. इंग्लंडमधल्या दुकानदारांना हवं होतं ते याच्या जवळपासचं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हेच कलम ६३ म्हणून आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग, दुसरा तज्ज्ञानं भरायचा, आणि त्यात हॅश लिहायचा. हॅश म्हणजे काय? एखादी फाइल ठरावीक गणितातून काढली की अक्षर-आकड्यांची एक ओळ येते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती ओळ पार बदलते. लखोट्यावरच्या लाखेसारखं समजा. पण लाखेवरून एवढंच कळतं की लखोटा मधे कुणी फोडला नाही. आतलं पत्र खरं की खोटं, ते लाख सांगत नाही. चार वेळा जमा धरलेल्या त्या आठ हजारांच्या फाइलचा हॅश अगदी व्यवस्थित जुळला असता. पुढे कधी कुणी तुम्हाला "हॅश जुळलाय, आता काय बोलायचं" म्हणालं, तर हे आठवा.

बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. तुमच्या खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला, तर ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर त्या परिपत्रकाप्रमाणे तुमचं नुकसान शून्य. म्हणून तक्रार केली की तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ओटीपी स्वतःहून दिला असेल तर त्या परिपत्रकात गोष्ट वेगळी होती, ते कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

घरची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. माझी आई, वय ८६. वडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी तिला रिक्षानं बँकेत घेऊन गेलो. अंगठा लावला, जुळेना. दुसरा लावला, जुळेना. तरुण कारकून, स्वभावानं चांगला. रुमालानं तिचे हात पुसून दिले त्यानं. जन्मभर खुरपणी आणि भांडी केलेले हात, रेषा राहिल्यात कुठे! शेवटी तो म्हणाला, "आजी, सिस्टीम घेत नाहीये." आई म्हणाली, "अरे बाळा, पण मी बसलेय की इथं!" सगळी रांग हसली. तोही हसला, आणि पुन्हा म्हणाला, "हो आजी, पण घेत नाहीये."

कागदावरचा दाखला चालतो. बँकेतल्या अधिकाऱ्यानं माणूस समोर बघायचा आणि सही करायची, हा मार्ग बंद झालेला नाही. हे त्याला माहीत नव्हतं. मी चिडलो नाही. म्हटलं, अंगठा जुळत नाही म्हणून दाखला नाकारला, एवढं लिहून सही करून द्या. तो आत गेला. पाच मिनिटांनी शाखाधिकारी स्वतः फॉर्म घेऊन बाहेर आले. माझ्यासारखा कागद मागायची सवय असलेला मुलगा बरोबर नसता, तर आई घरी जाऊन म्हणाली असती, मशीनला मी पसंत पडले नाही. हे ती आजही म्हणते, पण पेन्शन चालू आहे.

प्रश्न घेऊ या.

(प्रश्न: म्हणजे पुन्हा कागदावर जायचं का?)

नाही हो. कागदाच्या काळात सातबाऱ्यासाठी किती चकरा मारल्यात ते मी विसरलेलो नाही, आणि वह्यांमध्ये काय काय खाडाखोड चालते ते तर धंदाच होता माझा. खाडाखोड मात्र दिसायची. शाई वेगळी, अक्षर वेगळं, पान फाडलेलं. संगणकात बदल केला तर त्याचा माग राहतो तो निराळ्या नोंदवहीत, तिला लॉग म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्यावर वसुली काढता त्याला त्याच्या खात्याचा लॉग दाखवा.

(प्रश्न: मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. आम्हालाही अख्खी प्रणाली कुणाला समजत नाही. प्रत्येकाला आपला तुकडा माहीत असतो. मग न्यायालयात कोण काय सांगणार?)

ताई, तुमचा प्रश्न आजच्या सगळ्यात मोलाचा. अख्खी कुणालाच माहीत नाही, हे मी मान्य करतो. पण तुम्ही एखादा दोष सापडला की कुठे तरी नोंदवता ना? बरोबर. होरायझनचीही तशी नोंद होती. ज्ञात चुकांची यादी, कंपनीची माणसं ती ठेवत होती. अमुक केलं की तमुक होतं, असं एकेक लिहिलेलं. दाव्यात ती मागितली तेव्हा पोस्टानं आधी फार आढेवेढे घेतले. तशी यादी आहे की नाही इथपासून. शेवटी ती बाहेर आली आणि निकालात तिचा मोठा उपयोग झाला. तोवर दुकानदारांना ती कुणी दाखवली नव्हती.

आयोजक घड्याळ दाखवतायत. ते मागचे काका, तुमचा हात अजून अर्धाच आहे... हां, पंपाचं विचारताय. पेट्रोल भरायच्या आधी सांगायचं. माप सपाट जागेवर ठेवलंय ना ते बघायचं, त्यावरचा शिक्का कुठल्या सालचा ते वाचायचं. नाहीच म्हणाले तर पंपाचं नाव आणि यंत्राचा नंबर टिपून वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करायची. आणि मागच्या गाडीवाल्याला सांगायचं, दोन मिनिटं थांबा, तुमच्यासाठी पण मोजतोय.